पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर लावलेला पथ्याचा डबा, सात महिने खाऊन झाल्यावर

जळगावात पिंप्राळ्याच्या ताईंचा डबा मी डिसेंबरपासून खातेय, आता जुलै संपत आला, म्हणून आता लिहिते. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली सांगते. पण आधी मी डबा का लावला ते सांगावं लागेल, कारण नुसतं भाजी चांगली, फुलके मऊ असं लिहून उपयोग नाही, हा डबा ज्यांना खरंच लागतो ती माणसं जेवणाला घाबरलेली असतात, मीपण घाबरलेली होते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझं पित्ताशय काढलं. खडे होते, दोनदा मध्यरात्री अशी कळ आली की उभं राहता येईना आणि झोपताही येईना. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पोटावर चार छिद्रं, तिसऱ्या दिवशी घरी. माझ्या मावससासूंचं हेच ऑपरेशन १९८७ ला झालेलं, बरगडीखाली वीतभर टाके, कारण दुर्बिणीने पित्ताशय काढणं भारतात सुरूच झालं १९९० मध्ये, मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी पहिलं केलं. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं की मावशीने एवढं सोसलं, हिची तर चार टिकल्यांएवढी छिद्रं, हिला अजून काय होतंय. पहिला आठवडा उजवा खांदा दुखला, तो ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात त्याने दुखतो असं सांगितलं होतं आणि तो थांबलाही. पण बरगडीखालचं दुखणं थांबलं नाही. गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळी आली, मी आपली उजव्या कुशीवर हात ठेवून.

आणि नुसतं दुखणं नाही, जेवण झालं की वीस मिनिटात संडासला पळावं लागायचं. मी शाळेत शिकवते. वर्गात पन्नास पोरं, संडास मैदानाच्या त्या टोकाला. मी दुपारचं जेवणच सोडून दिलं होतं, चार महिन्यात नऊ किलो वजन गेलं आणि लोक म्हणायचे वा मॅडम बारीक झालात.

जिथे ऑपरेशन झालं तिथे तीनदा जाऊन आले, नाव लिहीत नाही. तिन्ही वेळा गॅस आहे, हळूहळू जाईल, हेच. तिसऱ्या वेळी माझ्यासमोर माझ्या मिस्टरांना सांगितलं की मॅडम जरा जास्त मनाला लावून घेतात. मी परत येताना रिक्षात रडले. ज्याचं दुखतं त्यालाच ते खरंय का असं सिद्ध करायला लावणं फार वाईट आहे हो, त्याने माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो.

मग नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, पोटविकाराचे तज्ज्ञ, जळगावातलेच. त्यांनी आधी ऐकून घेतलं. म्हणाले पित्ताशय काढल्यावर शंभरात दहा-पंधरा जणांना काही ना काही त्रास राहतो, आणि कारणं एक नाही अनेक असतात, एकेक करून बाद करायची. लिव्हरचं रक्त तपासलं, स्वादुपिंडाचं तपासलं, सोनोग्राफी केली. त्यात पित्ताची मुख्य नळी आठ मिलिमीटर आली, मी घरी येऊन मोबाईलवर बघितलं तर नॉर्मल सहा लिहिलेलं, रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावलं की पित्ताशय काढलं की नळी थोडी रुंद होते, एवढ्यावरून घाबरायचं नाही, पण नळीत एखादा खडा मागे राहिला नाही ना हे बघायलाच पाहिजे. म्हणून एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय, केला. खडा नव्हता, नळी कुठे आवळलेली नव्हती. एंडोस्कोपीत जठराला थोडी सूज निघाली, त्याची गोळी दिली.

संडासचं कारण त्यांनी असं सांगितलं. लिव्हर दिवसभरात अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, पूर्वी ते पिशवीत साठून घट्ट व्हायचं आणि तेलकट खाल्लं की पिशवी आवळून सोडायची, आता पिशवीच नाही तर ते दिवसरात्र थेंब थेंब आतड्यात पडत राहतं, काहींच्या पोटाला ते सोसतं, काहींच्या मोठ्या आतड्यापर्यंत जास्त पित्त पोचतं आणि मग जुलाब. त्यावर कोलेस्टिरामाइनची पावडर दिली. पाण्यात घोळून प्यायची, वाळू मिसळल्यासारखी लागते, पण पित्ताला बांधून घेते. अडचण अशी की ती पित्तालाच नाही तर बाकीच्या औषधांनाही बांधते, आणि मी थायरॉइडची गोळी घेते, म्हणून थायरॉइडची सकाळी उठल्याउठल्या आणि पावडर त्यानंतर चार-पाच तासांनी, जेवणाच्या आसपास. हे लक्षात ठेवा, पुढे डब्याशी याचा संबंध आहे.

आणि खाण्याचं म्हणाले, तेल पूर्ण बंद करू नका, पण एका वेळी जास्त नको, थोडं थोडं करून पाच वेळा खा आणि तेलाचं प्रमाण रोज सारखं ठेवा. रोज सारखं, हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

आता खानदेशातल्या घरात हे करून दाखवा कोणीतरी. आमच्याकडे शेवभाजीवर बोटभर तर्री नसेल तर तिला शेवभाजी म्हणत नाहीत. थंडीत कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ते आपलं हिरवं-पांढरं मोठं वांगं ज्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्यात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि तेल असं की पुरी बुडवली तर खालपर्यंत जाईल. सासूबाई अमळनेरकडच्या, त्यांचा जीव माझ्यावर फार, आणि तो जीव त्या ताटात वाढतात. मी नको म्हटलं की म्हणायच्या, "थोडं खाई ले माय, काही व्हत नही." मी त्यांना दोष देत नाही, आजारी माणसाला तेल-तूप खाऊ घातलं की तो उठून बसतो असंच त्यांनी आयुष्यभर बघितलंय. पण रोज एका घरात दोन स्वयंपाक, एक चमच्याने मोजलेला आणि एक हाताने ओतलेला, हे शाळा करून मला जमेना, आणि घाईत माझ्या भाजीत कधी एक चमचा पडायचा कधी तीन.

डब्याचं आमच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. घरात दोन बायका असून डबा लावते म्हटल्यावर गल्लीत चर्चा झालीच, सासूबाईंना चार दिवस वाईट वाटलं. ते व्हायचं ते झालं.

ताईंना पहिला फोन केला तेव्हा मला वाटलं त्या रेट सांगतील आणि पत्ता विचारतील. त्यांनी आधी विचारलं ऑपरेशन कधी झालं, जेवल्यावर किती वेळात जावं लागतं, दूध चालतं का, रात्री झोप लागते का, आणि मग, "गोळ्या कुठल्या वेळेला घेता ते लिहून पाठवा मॅडम, डब्याची वेळ मी त्यावरून धरते." एवढं कुठल्या दवाखान्यात मला कोणी विचारलं नव्हतं. नंतर कळलं की त्यांच्या वडिलांना स्वादुपिंडाचा आजार होता, दोन वर्षं त्यांनी त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक केला, डब्याचं काम त्यातूनच सुरू झालं. एकूण वीस-बावीसच डबे करतात, वाढवत नाहीत.

डब्यात काय असतं तर दोन फुलके किंवा एक ज्वारीची भाकरी, फुलक्याला तेल-तूप काही नाही, एक भाजी, मुगाचं किंवा तुरीचं पातळ वरण, भात मूठभर आणि ताक, ते लोणी पूर्ण काढलेलं. भाज्या गिलके, दोडके, दुधी, डांगर, पोकळा, कधी गवार. सुरुवातीला कोबी आणि फ्लॉवर माझ्या डब्यात येत नव्हते, गॅस होतो म्हणून, नंतर विचारून थोडे सुरू केले. तिखट अगदी कमी पण अळणी नाही, आलं, जिरं, कोथिंबीर यावर चव आणतात, जिरं कोरडं भाजून वरून घालतात आणि तेल भाजीत शेवटी मोजून टाकतात, त्यामुळे थोड्याच तेलाचा वास येतो आणि जेवल्यासारखं वाटतं. ही युक्ती मी आता घरीपण करते. चार वाजता खायला म्हणून एक केळं किंवा भाजलेल्या ज्वारीच्या लाह्यांची पुडी टाकतात. केळ्याने माझं पोट बांधल्यासारखं राहतं, जळगावात राहून मी केळं खात नव्हते ही चूकच होती.

एका वेळच्या डब्याचे नव्वद रुपये, दोन्ही वेळचे एकशे साठ. साध्या मेसच्या डब्यापेक्षा जास्त आहे. पण मला ते कधी जास्त वाटलं नाही, त्याचं कारण चिठ्ठी.

प्रत्येक डब्यात झाकणाखाली वहीच्या कागदाची एक चिठ्ठी असते. भाजी कुठली, तेल किती, मिरची किती, बस. "दोडके, तेल १ चमचा, मिरची अर्धी." चमचा म्हणजे चहाचा चमचा, पाच मिली. त्या म्हणाल्या वडिलांच्या वेळी डॉक्टर विचारायचे काय खाल्लं आणि आम्हाला आठवायचं नाही, तेव्हापासून सवय लागली. मी त्या चिठ्ठ्या एका दोनशे पानी वहीत चिकटवायला लागले आणि शेजारी लिहायला लागले, दुखणं दहापैकी किती, किती वाजता, संडासला किती वेळा.

सहा आठवड्यात फरक दिसला. पाच-सहा वेळा जायचे ते एक-दोन वर आलं, पावडर आणि डबा दोन्ही मिळून, कुठल्या एकाचं श्रेय नाही. जेवल्यावर पोटात जे गोळा आल्यासारखं व्हायचं ते गेलं. मी शाळेत बसून जेवायला लागले. पण बरगडीखालचं एक दुखणं तसंच राहिलं, आणि इथेच मी खचले, कारण तेल कमी केलं, तिखट सोडलं, घरातल्यांची नाराजी घेतली, तरी हे आहेच, म्हणजे ते पहिले डॉक्टर म्हणाले तेच खरं की काय.

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी वही घेऊन बसले. खाणं तर रोज सारखंच, चिठ्ठ्या समोर होत्या, एक चमचा, एक चमचा, सव्वा चमचा. पण दुखण्याचे आकडे सारखे नव्हते. दोन, दोन, सात, तीन, दोन, सात. सातचे दिवस बघत गेले आणि मग लक्षात आलं की हे नळाचे दिवस आहेत. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, येतं त्या दिवशी पहाटे उठून खालच्या नळावरून बादल्या भरून वरच्या टाकीत टाकायच्या, ते काम माझं, कारण सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि मिस्टर सहाच्या गाडीने भुसावळला जातात. पाणी आलं की दुपारपर्यंत सात. पाणी नाही तर दोन. दोडके असो की गिलके.

घरातल्या रोज बदलत्या तेलात हे मला कधीच दिसलं नसतं. मी प्रत्येक दुखण्याचं खापर कालच्या जेवणावर फोडत बसले असते.

वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन मिनिटं पानं उलटली आणि मला झोपवून विचारलं एका बोटाने दाखवा कुठे दुखतं. मी दाखवलं, बरगडीखाली, छिद्राच्या खुणेच्या अगदी बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढी जागा. त्यांनी तिथे बोट दाबून धरलं आणि म्हणाले हाताचा आधार न घेता मान आणि खांदे उचला. मी उचलले आणि ओरडलेच. म्हणाले, दुखणं पोटाच्या आत असतं तर स्नायू ताठ केल्यावर बोट आतपर्यंत पोचत नाही म्हणून कमी दुखायला पाहिजे, वाढलं म्हणजे दुखणं पोटाच्या भिंतीतच आहे, तिथली एक बारीक नस स्नायूत अडकलीय, टाक्यांच्या जागी असं होतं कधीकधी. याच्यासाठी सोनोग्राफी नको, एमआरआय नको, त्यात हे दिसतच नाही. त्याच जागी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांनी दाबून बघितलं तर काही नाही. सहा महिन्यांनी पहिल्यांदा मी उजव्या कुशीवर हात न ठेवता जिना उतरले.

पाच आठवड्यांनी दुखणं परत आलं, पण निम्मं. दुसरं इंजेक्शन घेतलं मार्चमध्ये. त्यानंतर शून्य ते दोन. टाकीला मोटर बसवली, बादल्या बंद. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही, डॉक्टरांनीही तसं सांगितलेलं नाही.

म्हणून सांगते, डब्याने नस सुटली नाही, डब्याने नस सापडली. ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या मी तर नुसती भाजी लिहिते हो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र मी घाबरले होते. घरात खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, वर तुपाची धार, माहेरी जायचं, भाचरं, झोके. वर्षाचा सण आणि मी डबा घेऊन बसणार का. ताईंनी स्वतःहून फोन केला, म्हणाल्या, "ताई, परवा तुमचा डबा नाही पाठवत. पोळीचा चतकोर खा, तूप घेऊ नका, रस अर्धी वाटी, पण सकाळी आणि रात्री नुसती मुगाची पातळ खिचडी, ती मी पाठवते." मॅडमची ताई त्या दिवसापासून झाले. तसंच खाल्लं. दुसऱ्या दिवशी वहीत संडास दोनदा, दुखणं एक. सासूबाईंनी चतकोर वाढला आणि तूप वाढताना हात मागे घेतला, ते मी बघितलं.

आता अर्धा स्टार. डबा पोचवणारा मुलगा वेळ पाळत नाही, शाळेत साडेबाराला पाहिजे तर आठवड्यातून एकदा तरी एक वाजतो, आणि माझ्या पावडरची वेळ जेवणाला बांधलेली आहे त्यामुळे मला ते चालत नाही. मे महिन्यात जळगावचं ऊन तुम्हाला माहितीय, पंचेचाळीसच्या पुढे, त्यात दोनदा ताक आंबलेलं आलं, सांगितल्यावर त्यांनी डब्यात ताक घालणं बंद करून ते थर्मासमध्ये वेगळं पाठवायला सुरुवात केली पण आधीच करायला हवं होतं. एकदा डबे बदलले, मला कोणाचातरी किडनीचा डबा आला आणि माझा तिकडे गेला, पथ्याच्या डब्यात ही चूक छोटी नाही, मी तेव्हा स्पष्ट बोलले. आता डब्यावर रंगाची चिकटपट्टी असते. रविवारी सुट्टी. आणि पावसाळ्यात गिलके फार, सलग चार दिवस गिलके.

ज्यांचं ऑपरेशन झालंय आणि दुखतंय त्यांच्यासाठी थोडं. डबा लावायच्या आधी तपासण्या करून घ्या, डबा तपासणीच्या जागी नाही. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, संडास पांढरट झाली, किंवा पोटाची कळ पाठीत जाऊन उलट्या थांबेनात, तर वही लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना, नळीत खडा किंवा स्वादुपिंडाची सूज असू शकते. आणि कोणी मनाला लावून घेता म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, माझ्यासारखे तीन महिने घालवू नका.

मी आता एकाच वेळचा डबा घेते, शाळेतला. संध्याकाळी सासूबाई करतात, त्यांनी माझ्यासाठी एक छोटी कढई वेगळी काढलीय आणि डब्यातली चिठ्ठी बघून तेल टाकतात, त्यांना वाचता येत नाही म्हणून माझी धाकटी वाचून दाखवते.

डबा लावायचा असेल तर ताईंना दुपारी तीननंतर फोन करा, सकाळी त्या उचलत नाहीत. गोळ्यांची यादी वेळेसकट हातात ठेवा, पहिलं तेच विचारतील.